चारशे बारा चौकटी

फ्लॉपीच्या कडेला असलेल्या खाचेवरचा चंदेरी चिकटपट्टीचा तुकडा जागेवरच होता, पण त्याचा एक कोपरा उचललेला होता — काल नव्हता. काल शाळा सुटताना आनंदरावांनी तो अंगठ्यानं दाबून पाहिला होता, रोज पाहतात तसाच, आणि मगच फ्लॉपी कागदी पाकिटात, पाकीट बिस्किटांच्या डब्यात, डबा कपाटात आणि कपाटाची किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात, असा सगळा बंदोबस्त करून ते घरी गेले होते. आणि आज हा कोपरा. नखाएवढा. गोंद सुटला असेल उन्हानं, असं त्यांच्यातलाच एक शहाणा माणूस म्हणाला. पण त्या शहाण्या माणसाचं आनंदरावांनी सेहेचाळीस वर्षांत फारसं कधी ऐकलं नव्हतं, आजही ऐकलं नाही.

तो तुकडा आहे तोवर फ्लॉपीवरचं काही पुसता येत नाही. पुसायचं तर आधी तो काढावा लागतो. म्हणजे कोणाला तरी पुसायचं होतं... नुसती नक्कल करायला तुकडा काढावा लागत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं ते या घडीला आठवायची गरज नव्हती. कपाटाची दुसरी किल्ली शिपाई भय्याजीकडे. भय्याजी काल हेडमास्तरांशी हळू आवाजात काही बोलत होता, आणि आपण व्हरांड्यात दिसताच दोघंही हसले होते. का हसले? माणसं उगाच हसत नाहीत. आणि नेमका आज खुशाल यायचा होता.

शनिवारची सकाळची शाळा भरायला अजून वीस मिनिटं होती. त्यांनी स्टॅबिलायझरचा काटा स्थिरावू दिला, कॉम्प्युटर सुरू केला, फ्लॉपी सरकवली. आत नेहमीची खरखर झाली, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांचा एक माणूस उभा राहिला — डोक्याला पागोटं, कमरेला शेला, पायात चाळ. मग तो नाचू लागला. दोन पावलं पुढे, गिरकी, खाली बसकण, उजवा पाय जरासा मागे रेंगाळून मग एकदम टाकलेला, पुन्हा गिरकी. एक्कावन्न सेकंद. चारशे बारा चौकटी. एकही कमी नव्हती. त्यांनी पुन्हा एकदा सगळा नाच पाहिला.

हा त्यांचा बाप होता. केवळराम.

बापाचा फोटो नाही, एकही नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरायची आणि मंडईत दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, व्हायची, तेव्हा पाच गावची माणसं केवळराम नाचणार म्हणून बैलगाड्या जुंपून यायची. आनंदराव तेव्हा लहान. बापाचे चाळ सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं. नाच संपला की पाटलाच्या अंगणात पंगत बसायची, आणि केवळरामला, ज्याच्यासाठी माणसं आली होती त्या केवळरामला, गोठ्याच्या कडेला वेगळं बसवायचे. तुझ्यासारखा नाचणारा होणे नाही, असं पाटील म्हणायचा, अगदी मनापासून म्हणायचा, आणि पत्रावळीवर वरून भात टाकायचा, हात लागू नये म्हणून. छप्पन साली बाप नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि आल्या दिवशी चाळ सोडले ते कायमचे. आनंदराव चौदा वर्षांचे होते. पुढं शिक्षक झाल्यावर एकदा, फक्त एकदा, त्यांनी बापाला विचारलं होतं, ती गिरकी कशी होती हो बाबा? विसरलो, बाप म्हणाला. विसरला नव्हता. त्याचा उजवा पाय खाटेवरून लोंबत होता आणि तो जरासा हलला होता, हे आनंदरावांनी पाहिलं होतं. त्या वर्षी पावसाळ्यात बाप गेला.

गोड बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न पाहता हाताकडे पाहावं, एवढी एक गोष्ट त्या गोठ्याच्या कडेला बसून आनंदराव शिकले होते, आणि ती त्यांनी इतकी नीट पाठ केली होती की आता ते सगळ्यांच्याच हाताकडे पाहत. भाजीवाल्याच्या, हेडमास्तरांच्या, बायकोच्यासुद्धा. आणि खुशालच्या तर आधी.

खुशाल आसगावचा, धानवाल्या घरातला, नागपूरला इंजिनिअर झालेला पोरगा. पंच्याऐंशी साली सरकारी योजनेतून शाळेत दोन कॉम्प्युटर आले आणि हेडमास्तरांनी त्यांच्यावर चादर टाकून ठेवली, त्यानंतर महिनाभरानं हा पोरगा झोळी घेऊन आला. त्यानं एकट्यानं एक प्रोग्राम लिहिला होता, चित्रं हलवणारा. नाव ‘चलचौकट’. एकेक चौकट काढायची, थोडी थोडी बदलत जायची, आणि मग सगळ्या भराभर दाखवायच्या. त्यानं एक बगळा उडवून दाखवला. बगळा तसा बेंगरूळच होता, पण त्यानं पंख हलवले त्या क्षणी आनंदरावांनी खिशातले चारशे रुपये काढून दिले, पावती न मागता. आयुष्यात पहिल्यांदा पावती न मागता. नंतर रात्रभर स्वतःला शिव्या दिल्या.

मग तीन वर्षं आलेखाच्या कागदावर बाप. एका सेकंदाला आठ बाप. प्रत्येक चौकोन मोजून, बटणं दाबून, यंत्रात उतरवलेला. कुठं अडलं, प्रोग्राम मध्येच थांबला, की खुशालला पत्र. आणि खुशाल पुढच्या महिन्यात दुरुस्त केलेली फ्लॉपी घेऊन हजर. त्याचे वर्षाला दीडशे. ठीक होतं. पण यंदा जूनमध्ये त्याचं पत्र आलं की पुढच्या वर्षापासून नऊशे पडतील. दीडशेचे एकदम नऊशे! मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. कारण काढलेली चित्रं चलचौकटीशिवाय दुसऱ्या कशातच उघडत नाहीत, हे त्याला माहीत होतं. धान माझं, कोठी माझी, आणि कुलूप तेवढं त्याचं. शिकारी कसा आधी दाणे टाकतो... चारशे, दीडशे, आणि मग एकदा पाखरू आत आलं की नऊशे. त्यांनी त्या पत्राला उत्तरच दिलं नाही. तर गेल्या आठवड्यात हे कार्ड: शनिवारी येतो, समक्ष बोलायचे आहे, पत्रात लिहिण्यासारखे नाही.

पत्रात लिहिण्यासारखं नाही म्हणजे काय? जे लिहिलं की पुरावा होतो, ते. आज सकाळी चहा घेताना त्यांनी हे विमलाबाईंना समजावून सांगितलं, की तो येणार, मशीन पाहतो म्हणणार आणि आत असं काही करून जाणार की नऊशे भरल्याशिवाय नाच उघडणारच नाही. विमलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“अजी, चोर कार्ड टाकून येते का? त्या पोराच्यावर एवढा शक काहून करता तुमी?”

“तुले नाही समजत,” आनंदराव म्हणाले, आणि फ्लॉपीसाठी अर्धा तास आधीच घरातून निघाले.

पहिल्या तासाला आठवी ‘ब’ला त्यांनी धानाची लोंबी काढायला दिली. खिडकीबाहेर कापणी चाललेली, भाऱ्यांचा कोरडा गोड वास वर्गात येत होता, मुलं वाकून रेघा मारत होती, आणि आनंदराव रांगांमधून फिरताना दुसऱ्याच हिशेबात होते: खुशालला मशीनसमोर एकटं बसू द्यायचं नाही. फ्लॉपी त्याच्या हातात द्यायची नाही. नऊशे मागितले तर म्हणायचं, पवनीच्या इश्वर सरांना विचारतो... छे, इश्वरचं नाव काढायचं नाही.

इश्वरचं नाव मनात आलं तसं त्यांनी ते बाजूला सारायला पाहिलं, पण ते सरकेना. इश्वर म्हणजे पवनीच्या शाळेतला चित्रकलेचा शिक्षक, प्रशिक्षणाला सोबत होता. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तो आला, बगळा पाहिला, चलचौकटीची फ्लॉपी मागितली. मी दिली. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? गावात कोणाकडे धानाचं चांगलं बियाणं आलं की पेरणीआधी मागायला येणाऱ्याला नाही म्हणायची रीतच नव्हती. बापाच्या दीड एकरातलंसुद्धा पायलीभर जायचं, आणि पुढच्या सालात मागणारा तेवढंच, वर ओंजळभर जास्त, आणून टाकायचा. दिल्यानं देणाऱ्याचं कमी होत नाही. फ्लॉपीचं तर त्याहून नाही, पाच मिनिटांत दुसरी तयार, आणि पहिली जशीच्या तशी! इश्वरनंतर अड्याळचे एक मास्तर आले, मग साकोलीचे दोघं. चौघांनाही दिली. त्यांनी पुढं कोणाकोणाला दिली असेल, देवच... आनंदराव देव मानत नसत, पण तोंडात बसलेलं जात नाही. सुरू केली की पहिल्या पडद्यावर खुशालनं घातलेली ओळ यायची, ‘ही प्रत आनंदराव सुखदेवे, लाखांदूर यांची’, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचं बरंच वाटलं होतं. चार शाळांत रोज सकाळी आपलं नाव उजळतं.

बापाचा नाच मात्र कोणाला दिला नाही. नक्कल करून झाली की तिच्यावरून तो पुसून टाकायचा आणि मगच फ्लॉपी हातात ठेवायची. चारही वेळा.

साडेअकराच्या गाडीनं खुशाल आला. शाळा सुटली होती, मैदानात सायकलींचा गलका होता. तो वाळला होता. बूट चांगले होते, नवे. आनंदरावांनी आधी त्याचे हात पाहिले. एका हातात झोळी, दुसऱ्या हातात दोरीनं बांधलेला कागदांचा जाड गठ्ठा. करारपत्र, त्यांना वाटलं. एवढं मोठं? त्यांनी भय्याजीला चहा सांगितला, मशीनसमोरची खुर्ची स्वतः धरली आणि खुशालला बाजूच्या स्टुलावर बसवलं. खुशालला त्यात काही वाटलेलं दिसलं नाही. त्यानं पडद्यावर नाच मागितला, हनुवटीला हात लावून एक्कावन्न सेकंद पाहिला, संपल्यावर पुन्हा मागितला.

“सर, मी आता सोडून राहिलो हे,” तो म्हणाला. “पुण्याले नोकरी लागली. सोमवारी हजर व्हाच लागते.”

“आणि चलचौकट?”

“बंद.”

आता येईल, आनंदराव मनाशी म्हणाले, आता नऊशे येतील. पण खुशाल हळूहळू, चहाच्या कपाकडे पाहत जे सांगत गेला ते कुठल्याच तयारीत बसेना. सगळ्या मिळून अकरा फ्लॉप्या विकल्या गेल्या होत्या. पहिल्या वर्षी नऊ, मग दोन, आणि गेल्या दोन वर्षांत एकही नाही. शाळांना आवडलीच नाही, असं तो समजून चालला. घेणाऱ्यांपैकीही वर्षाची फी भरणारे एकटे आनंदरावच उरले होते, म्हणून वडिलांनी नऊशे लिहायला लावले होते, की एवढा तरी खर्च निघू दे. ते पत्र टाकल्यावर त्याला लाज वाटली होती, म्हणून समक्ष आला. गेली दोन वर्षं तो एकाच माणसासाठी प्रोग्राम दुरुस्त करत होता.

“एक विचारू का, सर? त्या उजव्या पायाचं. मले वाटे, माझ्याच प्रोग्राममधी गलती आहे, चौकट उशिरा निघून राहिली. दोन महिने शोधलो.”

“गलती नाही,” आनंदराव म्हणाले. “बाबा तसाच टाकत.”

“हव. समजलं मले मंग. आमच्या आसगावच्या मंडईत एक म्हातारा नाचला यंदा, डिट्टो तसाच पाय. विचारलो त म्हणते, केवळराम म्हणून एक होता, त्याचं पाहून शिकलो.”

आनंदरावांनी कप खाली ठेवला. तीन वर्षं एक गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती: तो रेंगाळणारा पाय खरा होता की आपणच खाटेवरच्या त्या पायावरून रचला, याची त्यांना खात्री नव्हती. स्वतःच्या आठवणीवरसुद्धा त्यांचा भरवसा नव्हता. आणि आज हा पोरगा आसगावहून तिची साक्ष घेऊन आला होता, सहज, चहा पिता पिता. त्यांचे डोळे भरून आले आणि लगेच त्यांना संशय आला, हे सगळं सांगण्यात याचा काय डाव असेल?

खुशालनं गठ्ठा सोडला. दोन्ही कडांना भोकं असलेला सलग कागद, चौसष्ट पानं, बारीक छापलेली. अख्खा प्रोग्राम, ओळीनं ओळ. हे मशीन आणखी चारपाच वर्षं चालेल, तो म्हणाला, पुढं सुटे भाग मिळणार नाहीत, नवी मशीनं येतील आणि त्यांना ही फ्लॉपी कळायची नाही. पण कागद कळेल. कोणी जाणकार भेटला तर यावरून पुन्हा लिहील, नव्या मशीनवर, आणि नाच उघडेल. चारदोन ठिकाणी त्यानं पेन्सिलीनं मराठीत खुलासे केले होते.

“किती द्यायचे?” आनंदरावांनी विचारलं.

“काही नाही, सर.”

“सही वगैरे?”

“काही नाही.”

यात कुठंतरी पाणी मुरतंय. फुकट कोणी काही देत नाही. तीन वर्षांची मेहनत तर नाहीच. नऊशे मागितले असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं, पावती मागता आली असती, संध्याकाळी विमलाबाईंना सांगता आलं असतं की बघ, मी म्हणत नव्हतो? त्यांनी पानं चाळली. काही कळत नव्हतं, पण त्यात कुठं काही लपलंय का ते ते शोधत राहिले.

“सगळीकडे भेटून येऊन राहिलो,” खुशाल म्हणाला. “परवा पवनीले गेलो होतो. इश्वर सरांच्या शाळेत. त्यांनी कधी घेतली नव्हती माझ्यापासून, तरी म्हटलं भेटून घ्या. मशीन सुरूच होती.”

एवढंच म्हणाला. पुढे काही नाही. आनंदरावांचा हात चाळीसाव्या की एकेचाळिसाव्या पानावर थांबला. मशीन सुरू होती, म्हणजे पहिला पडदा... म्हणजे त्यानं नाव वाचलं. परवा वाचलं, आणि आज सकाळी गाडीत बसून, हा गठ्ठा मांडीवर घेऊन इथं आला. की वाचलं नसेल? पडदा पुढं गेलेला असेल, तेव्हा तिथं दुसरंच काही असेल... आनंदरावांनी मान वर करून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. राग नाही, टोमणा नाही, मोठेपणाही नाही. थकलेला, प्रवासाला निघालेला चेहरा. गेल्या दोन वर्षांत एक नाही... शाळांना आवडली नाही असं समजून चाललो... शाळांना आवडली होती, खुशालभाऊ. फार आवडली होती. पवनीला, अड्याळला, साकोलीला. हे वाक्य तयार होतं, पूर्ण, तोंडात. फक्त तोंड उघडायचं होतं. पण तोंड उघडलं तर हा गठ्ठा उचलून तो जाईल का? आणि न उघडलं तर तो इथंच राहील, चौसष्ट पानं, पेन्सिलीच्या खुलाशांसकट, आणि बाप आणखी वीस वर्षं नाचेल. म्हणजे हाच तो डाव. त्यानं काही न बोलता मला इथं आणून ठेवलं. की डाव नाहीच, आणि तसं असेल तर...

“सर,” खुशाल म्हणाला, आणि आनंदरावांना एकदम हलकं वाटलं, की आता तरी विचारेल. “एक मागू का?”

“मागा.”

त्यानं झोळीतून एक कोरी फ्लॉपी काढली, पाकिटात जपून ठेवलेली. “हा नाच मले पाहिजे होता. माझ्या प्रोग्रामवर एवढा एकच खरा बनला. पुण्याले नेतो. कोणाले देणार नाही, सर.”

बाहेर खुशालच्या परतीच्या, पवनीच्या गाडीचा हॉर्न वाजला. अजून दहा मिनिटं ती उभी राहते. आनंदरावांनी कोरी फ्लॉपी घेतली, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये सरकवली, दोन बटणं दाबली. हात सवयीनं चालत होते. पडद्यावर खुशालनंच कधीकाळी घडवलेल्या ओबडधोबड मराठी अक्षरांत प्रश्न आला: नक्कल करायची? हो, नाही.

आणि बोट पुढं जाईना. हा नेऊन काय करील? पुण्यात कोणाला दाखवील? त्या पोरांना काय कळणार, केवळराम कोण, गोठ्याची कडा कुठं? कोणी हसेल. कोणी मागेल, आणि हा देऊन टाकील, पाच मिनिटांचं तर काम, आणि मग माझा बाप कुठल्या कुठल्या मशीनवर कोणाच्या नावाखाली नाचत राहील, आणि मला पत्ताही लागणार नाही. तीन वर्षं मी डोळे फोडले. माझं आहे ते. माझ्या एकट्याचं... हे सगळं त्यांच्या मनात इतक्या वेगानं, इतक्या खात्रीनं आलं की आपण काय म्हणतो आहोत हे त्यांना शेवटच्या शब्दाला पोचल्यावर ऐकू आलं. सवयीनं त्यांनी खुशालच्या हाताकडे पाहिलं. दोन्ही हात मांडीवर होते, रिकामे, नखांना छपाईची काळी शाई लागलेली, आणि त्या हातांत शोधण्यासारखं काहीच नव्हतं. ते फार वेळ पाहत राहिले. त्या चौघा मास्तरांच्या वेळीही हाच प्रश्न पडद्यावर आला होता, चारही वेळा, आणि तो प्रश्न आहे हे त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

“खुशालभाऊ,” ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य कुठून सुरू करायचं ते त्यांना कळेना.

“गाडी थांबते, सर,” खुशाल म्हणाला. “होऊ द्या आरामानं.”